हवा आली काय तिकडं?

‘हे संभाषण प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केलं जाऊ शकतं.’

हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकूही येत नसेल. नळाला पाणी नाही, वीज गेली, बस आलीच नाही म्हणून फोन लावायचा. ती बाई हे वाक्य म्हणते आणि मग सतार वाजायला लागते. कोणाचं प्रशिक्षण, कसलं प्रशिक्षण, माझ्या आवाजाचं तुम्ही तिकडे करता तरी काय, असं आजवर एकाही माणसानं विचारलेलं मला आठवत नाही. मी त्याच धंद्यात आहे, म्हणून सांगते. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी ऋतुजा गावंडे. पुण्यात खराडीला आमचं तक्रार केंद्र आहे. निम्म्या महाराष्ट्रातल्या पाणी योजनांचे आणि बससेवांचे फोन आमच्याकडे येतात. म्हणजे आधी ते यंत्राकडे जातात. साधी तक्रार यंत्रच मिटवतं. ते थकत नाही, चिडत नाही, चहाला उठत नाही. पण काही माणसं यंत्रालाही आवरत नाहीत. ओरडतात, रडतात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. यंत्रानं हात टेकले की तो फोन आमच्या गळ्यात. ‘चांगले दाणे यंत्राला आणि खडे आपल्याला,’ असं माझ्या शेजारी बसणारी शलाका म्हणते.

आता अशा माणसांशी बोलायला शिकायचं कसं? पूर्वी कोणी साहेब यायचे, पडद्यावर बाणांची चित्रं दाखवायचे, मधल्या सुट्टीत समोसे असायचे, आणि पहिल्याच फोनला नवी मुलगी रडत बाथरूममध्ये पळायची. आता छाया आहेत.

छाया म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे, एवढं आधी लक्षात घ्या. समजा एखाद्यानं काही वर्षांत आमच्या केंद्राला पुष्कळ फोन केले. यंत्र ते सगळे ऐकतं. तो काय बोलला यापेक्षा कसा बोलला हे शिकतं. कुठल्या शब्दाला आवाज चढतो, कुठे दम घेतो, ‘थांबा’ म्हटलं तर किती थांबतो, कशानं विरघळतो. मग नाव, गाव, पत्ता खरडून काढतात, आवाजाचा पोत थोडा बदलतात, आणि उरतो तो त्या माणसाचा स्वभाव. त्याच्याशी तुम्ही काहीही नवं बोला, तो माणूस जे उत्तर देईल तेच छाया देते. नाव नसल्यामुळे कायद्याची हरकत नाही. शिवाय त्या माणसाला आधी सांगितलेलं असतंच, सतारीच्या आधी.

आमच्याकडे बऱ्याच छाया होत्या आणि पोरांनी त्यांची बारशी केली होती. कलमं सांगणारा तो वकीलसाहेब, हुंदके देणारी ती रडूबाई. बोलताना पडद्यावर एक पट्टी दिसायची. छायेच्या आवाजाची उंची, जोर, वेग मोजून ती रंग बदलायची. लाल म्हणजे राग, हिरवी म्हणजे शांत. पट्टी हिरवी झाली की तुम्ही जिंकलात.

त्या दिवशी नवी छाया आली होती. आमचे प्रशिक्षणप्रमुख आपटे सर म्हणाले, ‘आतापर्यंतचा सगळ्यात अवघड माणूस आहे. दोन केंद्रांनी हात वर केलेत.’ पहिला मान शलाकाला मिळाला. आम्ही सगळे हॉलमध्ये स्पीकरवर ऐकत होतो.

‘फू. फू.’ कोणीतरी फोनमध्ये फुंकर मारली. ‘हवा आली काय तिकडं?’

हॉल खदखदून हसला. शलाकानं हसू दाबलं. ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’

‘थे मंग सांगतो. आंधी सांग, तू जेवली काय वं माय?’

‘सर, आपली तक्रार सांगता का?’

‘सांगतो नं. पानी नाई. अरे बाप्पा, नळाले पानी नाई म्हनून त फोन केला, का तुह्याशी गप्पा माराले केला?’

पट्टी भडक लाल झाली होती. शलाकानं शिकवलेलं वाक्य म्हटलं, ‘सर, कृपया आवाज कमी करा.’

‘मी कुठी ओरडून राहिलो? मी त बोलून राहिलो.’

पुन्हा हशा. शलाकानं त्याला होल्डवर ठेवलं, तर छाया तिथेही गप्प बसेना. ‘पानी नाई एक वार. पानी नाई दोन वार. हाय काय कोनी बोलनारा? पानी नाई…’ शलाकानं डोक्यावरचा हेडफोन काढला आणि हात जोडले. पोरांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, बाप्पा.

मीही हसले. सगळ्यांबरोबर, टाळी वाजवून हसले.

ती फुंकर मला ओळखू आली नसती तर प्रश्नच नव्हता. आवाज बदललेला होता, जरा तरुण केलेला होता. पण फोन उचलला की दोनदा फुंकायचं आणि ‘हवा आली काय’ विचारायचं, हा विनोद जगात एकाच माणसाचा आहे. आमच्या घरी पहिला फोन आला तेव्हापासून तो माणूस हाच विनोद करतोय आणि दर वेळी स्वतःच हसतोय. तो माझा बाप.

बाबा तालुक्याच्या बाजार समितीत कापसाची हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. बैलगाड्या, ट्रॅक्टर, अडते, हमाल, त्या सगळ्या कालव्यात शेवटच्या गाडीवाल्याला भाव ऐकू गेला पाहिजे, असा आवाज लागायचा. एक वार, दोन वार. चाळीस वर्षं तसं पुकारलं की माणसाचा साधा आवाजच तेवढा होतो. बाबा देवासमोर पुटपुटतात तेव्हा शेजारच्या बेबीकाकूला आरती ऐकू जाते. आणि आवाज मोठा म्हणून अख्ख्या गावाच्या तक्रारीही त्यांच्याच गळ्यात. कोणाचं मीटर बंद, कोणाची बस आली नाही, की लोक म्हणणार, ‘गावंडेबुवा, तुमी लावा फोन, तुमचं आयकतात.’ आई गेल्यापासून तर बाबांना तेवढाच उद्योग राहिला होता.

हे सगळं मी त्या हॉलमध्ये उभी राहून सांगू शकले असते. नाही सांगितलं. कॉलेजला पुण्यात आले त्या पहिल्या आठवड्यात मी ‘मले’ म्हणाले आणि मेसमधल्या पोरींनी महिनाभर ते ‘मले, मले’ पुरवलं. तेव्हापासून मी जीभ धुऊन टाकली. नोकरीच्या मुलाखतीत वडील काय करायचे असं विचारलं, तर ‘ॲग्रो-मार्केटिंगमध्ये होते’ असं सांगितलं. खोटं कुठे होतं? मार्केटमध्येच तर होते.

बाबांचा फोन रोज जेवायच्या सुट्टीत यायचा. मी डबा घेऊन बसलेली, बाजूला शलाका, समोर बाकीचे, आणि तिथे उचलला तर अख्ख्या टेबलाला ऐकू जाणार, ‘हवा आली काय तिकडं? जेवली काय? काय खाल्लं?’ म्हणून मी वाजता फोन घेऊन आधी जिन्यात जायची. आणि त्यांचं सुरू झालं, की बोअरला मोटर बसवली, बेबीकाकूच्या म्हशीला रेडकू झालं, की मी म्हणायची, ‘हो बाबा. कळलं. मी बघते. ठेवू का?’ ठेवू का, हे विचारायची नुसती पद्धत. त्या सुरात विचारलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. बाबा लगेच म्हणायचे, ‘ठेव माय, ठेव. तुह्या मांगं लय काम असन.’

आता स्पर्धेचं सांगते. आपटे सरांनी जाहीर केलं, जो बाप्पाला हिरव्यात आणेल त्याची पद्धत पाठ म्हणून निघेल आणि तो प्रशिक्षक होईल. पाठ निघतो म्हणजे काय, तर आमच्या सगळ्यांच्या कानात एक मणी असतो. तो फोन चालू असतानाच कुजबुजतो, आता हे म्हण, आता असं म्हण. शब्दच नव्हे, तर सूरसुद्धा देतो. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, ते कानात वाजतं आणि तोंड आपोआप मागून जातं. पूर्वी एक गोष्ट शिकवायला आठवडा जायचा आणि महिन्यानं लोक विसरायचे. आता पाठ सुटला की दुसऱ्या सकाळी दोन हजार माणसं त्याच सुरात बोलायला लागतात.

मला प्रशिक्षक व्हायचं होतं. सात वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर कोणाला नको असतं? आणि बाप्पाची किल्ली एकट्या माझ्याकडे होती. तो चिडलेलाच नव्हता. पट्टी जोराला राग समजत होती, एवढंच. त्याच्याशी त्याच्याइतक्याच मोठ्यानं, त्याच्याच बोलीत बोललं असतं, ‘हाव बाबाजी, जेवली, भाकर अन् पिठलं खाल्लं, आता सांगा कोन्या नळाले पानी नाई,’ तर तो खूश होऊन मुकाट्यानं तक्रार नोंदवणार होता. पण मग पट्टी लालच राहिली असती, आणि हॉलमधल्या सगळ्यांना कळलं असतं मी कुठली ते.

माझी पाळी आली. मी हेडफोन लावला.

‘फू. फू. हवा आली काय तिकडं?’

‘नमस्कार. बोला.’

‘जेवली काय वं माय?’

‘हो.’

‘काय खाल्लं?’

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ‘काका, काम सांगा ना.’

‘सांगतो. कोन्या गावची वं तू?’

‘पुण्याची,’ मी म्हणाले.

मग त्यानं पाण्याचं सांगायला घेतलं. टाकी, व्हॉल्व्ह, लाइनमन, मागच्या खेपेला कोण काय म्हणालं. पट्टी लाल. मी बोलू दिलं. त्यानं दम घेतला तिथे मी आवाज खाली आणला आणि जिन्यात म्हणते तसं म्हटलं, ‘हो काका. कळलं. मी बघते. ठेवू का?’

यंत्रानं त्या माणसाला माझ्याशी बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. ते जिन्यातले फोन काही केंद्रात येत नाहीत. पण स्वभाव त्याला पुरता कळला होता.

‘हाव,’ छाया म्हणाली. आवाज एकदम बसला होता. ‘ठेव माय, ठेव. तुह्या मांगं लय काम असन.’

पट्टी हिरवीगार. टाळ्या वाजल्या, शलाकानं मिठी मारली, आपटे सर म्हणाले, ‘मॅडम, जादू आहे ही. तक्रार न लिहिता माणूस शांत.’ मी पेढे वाटले. माझा पेढा मात्र मी कागदात गुंडाळून ठेवला.

पाठ सुटला. आता खराडीच्या आमच्या मजल्यावर कुठल्याही टेबलाजवळून गेलं की माझाच सूर ऐकू यायचा. पोरं ठाण्याची असोत, लातूरची असोत, ‘मी बघते’वर थांबून ‘ठेवू का’ला अगदी माझ्यासारखी मान कलती करायची. फोन लवकर संपायला लागले. वरून शाबासकीचं पत्र आलं. मी काचेच्या खोलीत बसायला लागले.

आणि बाबांचे फोन कमी झाले. रोजचा दिवसाआड झाला, मग रविवारी. तेव्हाही हळू आवाजात दोन वाक्यं, ‘बरी हायेस नं? ठेवतो मंग.’ फुंकर नाही, हवा नाही. मला काय वाटलं ते खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, शहाणे झाले. जेवायच्या सुट्टीत मी निवांत जेवायला लागले.

मग एक दिवस बेबीकाकूचा फोन आला. ‘ऋतू, तुह्या बाबाचे पाय सुजले वं. डोळ्याखालीबी सूज हाय. मले म्हनतात, पोट्टीले सांगू नोको. म्हनून मी सांगून राहिली.’

मी रजा टाकून गाव गाठलं. बाबा ओट्यावर बसले होते. पाय हत्तीचे. मी पाया पडायला वाकले तर घोट्यावर माझ्या बोटांचे खड्डे उमटले आणि तसेच राहिले. घरात जाऊन माठातलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. बोअरचं पाणी होतं.

आमचा पूर्णेच्या काठचा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. कपडे धुवा, म्हशी धुवा, प्यायचं नाही. म्हणून तर लांबून नळाचं गोड पाणी आणलंय. त्यात बाबांना बीपी, डॉक्टरांनी जेवणातलं मीठसुद्धा तोडलेलं. आणि हा माणूस गुपचूप तांब्या तांब्या मीठ पीत बसला होता.

‘नळाले पानी कधीपासून नाही?’ मी विचारलं. गावात शिरलं की जीभ आपोआप वळते.

‘झाला असन महिना. आपल्याच गल्लीले नाई. बाकीच्याईले येते.’

‘मग तक्रार काहून नाही केली? तुम्ही त साऱ्या गावाच्या करता.’

‘केली नं. तीन-चार डाव केली.’ बाबा हळू बोलत होते. त्यांना तसं बोलताना ऐकून मला घरात कोणी आजारी झोपलंय की काय असं वाटलं. ‘आता तिकडच्या पोट्ट्या लय चांगल्या झाल्या वं. आंगावर येत नाईत. आवाज कमी करा म्हनत नाईत. अगदी तुह्यासारख्या बोलतात. हो काका, कळलं, मी बघते, ठेवू का. मंग मी म्हनतो, ठेव.’

‘ठेव काहून म्हणता? तक्रार लिहून घेतली का ते विचारायचं नं.’

बाबांनी पाय ओट्याखाली घेतले. ‘तुह्यासारखी बोलली का मले वाटते, हिच्याबी बाजूले चार लोकं बसले असन. आपला हा आवाज. कशाले लेकराले लाज आनाव? म्हनून त तुलेबी फोन कमी केले.’

मी उठून आत गेले. चुलीपाशी उभी राहिले. त्यांना माहीत होतं. मी जिन्यात का जाते, ‘ठेवू का’ का विचारते, सगळं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि ते दर वेळी लाडानं ‘ठेव माय’ म्हणत आले होते. मला वाटत होतं मी त्यांना फसवते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच असणार.

मग मी चिडले. माणूस स्वतःवर चिडला की दुसऱ्यावर काढतो, तसं मी बाबांचा फोन उचलला आणि आमच्याच केंद्राला लावला. ते वाक्य आलं, सतार वाजली, यंत्र बोललं. मी यंत्रावर एवढं ओरडले की त्यानं फोन माणसाकडे दिला.

‘नमस्कार. बोला ताई.’ कोणीतरी कोवळी मुलगी होती. मी तडातडा सगळं सांगितलं, गल्ली, नळ, महिना, सुजलेले पाय. तिनं ऐकून घेतलं. मी दम घ्यायला थांबले.

‘हो ताई. कळलं. मी बघते,’ ती माझ्या सुरात म्हणाली. ‘ठेवू का?’

आणि माझ्या तोंडून निघालं, ‘ठेवा.’

फोन बंद झाला. बाबा माझ्याकडे बघत होते. ‘पाह्यलं? किती चांगली बोलते,’ ते म्हणाले.

शेवटी मी आमच्या आतल्या नंबरावरून पाणी योजनेच्या अभियंत्याला गाठलं. दुसऱ्या दिवशी लाइनमन सायकलवर आला, गल्लीच्या तोंडाशी खाली बसला, पान्यानं एक व्हॉल्व्ह फिरवला आणि गेला. बस, एवढंच काम होतं. बाबांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला झापलं, गोळ्या दिल्या, आणि मूत्रपिंड तपासायला महिन्यानं पुन्हा यायला सांगितलं. सूज उतरू लागल्यावर मी पुण्याला परत आले आणि थेट आपटे सरांच्या खोलीत गेले.

‘सर, माझा पाठ मागे घ्या.’

‘का? आकडे उत्तम आहेत त्याचे.’

‘हिरवे झालेल्यातल्या किती जणांना पाणी मिळालं?’

‘ते आपलं खातं नाही, मॅडम. आपण माणूस शांत करतो.’ आपटे सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘बघा, पाठ मागे घ्यायला चूक दाखवावी लागते. सगळ्यांसमोर, पट्टीवर. दाखवू शकाल?’

‘दाखवते,’ मी म्हणाले.

हॉल भरला होता. नवीन भरती झालेली पोरंही मागे उभी होती, बाप्पा पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून खुशीत. शलाका पहिल्या रांगेत होती. मी पुढे जाऊन उभी राहिले.

‘बाप्पा म्हणजे माझे वडील आहेत,’ मी म्हणाले.

कोणीतरी हसलं, विनोद समजून. मग कोणी हसेना. शलाकानं माझ्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या हातांकडे.

‘पहिल्या दिवशी मला ओळखू आलं होतं. मी तुमच्याबरोबर हसले. आणि माझी जी पद्धत तुम्ही सगळे वापरता ना, ती मी ह्या हॉलमध्ये शोधलेली नाही. वडिलांचा फोन आला की चारचौघांत लाज वाटते म्हणून मी त्यांना अशी गप्प करते. ती त्यांच्यावर चालली, म्हणून तुमच्याकडे सगळ्यांवर चालते. माणूस शांत होत नाही. त्याला वाटतं, आपली लाज वाटते ह्यांना, आणि तो ठेवून देतो.’

मी पुढे म्हणाले, ‘दुसरं म्हणजे, ते चिडलेले कधीच नव्हते. हर्रास पुकारायचे ते. त्यांचा साधा आवाजच तेवढा आहे. आता मी छाया लावत नाही. त्यांनाच फोन लावते. ते हसतील, फुंकर मारतील, खुशीत बोलतील आणि ही पट्टी लाल होईल. मग तुम्हीच सांगा पट्टी काय मोजते ते.’

मी माझा फोन स्पीकरला जोडला, पट्टी सुरू केली आणि नंबर लावला. रिंग वाजत होती. मागच्या पोरांनी माना पुढे काढल्या.

‘हॅलो.’

‘बाबा, मी ऋतू.’ मी मोठ्यानं बोलले, घरी बोलते तशी. ‘मी जेवली. वरन-भात खाल्ला. तुमी जेवले काय?’

‘हाव.’ मग थोडं थांबून, ‘कामावर हायेस नं?’

‘हाव. बाबा, जरा मोठ्यानं बोला.’

‘काहून? आयकू येत नाई काय?’

‘येते. पन तुमी आंधी बोलत होते तसं बोला. फुंकर मारा. हवा आली काय म्हना.’

पलीकडे बेबीकाकूची म्हैस हंबरलेली ऐकू आली. मग बाबांनी विचारलं, ‘बाजूले कोनी हाय काय?’

‘हाय बाबा. सगळे हायेत. सगळे आयकून राहिले.’

‘मंग राहू दे माय.’ आवाज आणखी खाली गेला. हॉलमधल्या लोकांना ऐकायला पुढे वाकावं लागलं. ‘घरी आली का बोलू. ठेवू काय?’

पट्टी हिरवी होती. इतकी स्वच्छ हिरवी मी कधीच बघितली नव्हती. मागे एक नवीन मुलगी शेजारणीला हळूच विचारत होती, हे कोण आजोबा, बाप्पा कधी येणार. आपटे सर पट्टीकडे बघत होते, मग त्यांनी मान खाली घातली.

ठेवा, असं मला म्हणवेना. माईक हातात होता. मी तो तोंडाशी धरला आणि सगळ्यांसमोर दोनदा फुंकर मारली. अख्खा हॉल दचकला.

‘बाबा,’ मी जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, ‘हवा आली काय तिकडं?’



‘आली,’ बाबा म्हणाले, अगदी हळू. ‘पन असं लोकाईसमोर नोको करू, पोट्टी. हासतीन तुले.’